पंचवीस पावसाळे टिकेल असं सोलर: ठाणे-नवी मुंबईत घराच्या छतासाठी घेताना

२०२२ च्या जुलैत ऐरोलीत पावसाने आठवडाभर उसंत दिली नव्हती. रोज सकाळी आमच्या जिन्याखालच्या सोलर इन्व्हर्टरवर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) लाल दिवा लागलेला असायचा, आणि दुपारी जरा उघडीप झाली की तो आपोआप हिरवा व्हायचा. सिस्टीम बसवणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, ‘‘पावसात असं होतंच, साहेब. ऊन पडलं की चालू होईल.’’ चार दिवस आम्ही तेच खरं मानलं.

पाचव्या दिवशी शेजारचे काका छत्री घेऊन आमच्या गच्चीवर आले. इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून त्यांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात झालेली. त्यांनी पॅनेलकडे पाहिलंही नाही, ते थेट खाली वाकले. पॅनेलखाली वायर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने तुटली होती आणि दोन वायरींचा जोड स्लॅबवर साचलेल्या पाण्यात पडला होता. इन्व्हर्टर आणि डीसी स्विच बंद करून त्यांनी तो जोड उघडला, तर आतली पिन हिरवट झालेली. जोडाचे दोन तुकडेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. उठताना त्यांचा हात स्ट्रक्चरच्या, म्हणजे पॅनेल पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, पायाला लागला आणि रुपयाच्या नाण्याएवढी गंजाची खपली निघून तळहातावर आली.

सिस्टीम तेव्हा तीन वर्षांची होती. २०१९ मध्ये ती घेताना मी तीन कोटेशनं मागवली होती. पॅनेल कुठल्या कंपनीचे आणि किलोवॅटला भाव काय, एवढंच विचारून त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडलं. पॅनेल खरोखर चांगले होते, आजही उत्तम चालतात. घात झाला तो ज्या वस्तूंबद्दल मी एक शब्दही विचारला नव्हता तिथे.

त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच घरांची सिस्टीम निवडताना मी सोबत होतो. त्यातून पक्कं झालेलं मत सांगतो. आपल्या भागात ऊन भरपूर आहे, ते कुठलंही पॅनेल पकडतं. कस लागतो तो पावसात, खाडीच्या खाऱ्या हवेत आणि वाऱ्यात. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी लिहिलेली असते, म्हणजे त्याखालच्या प्रत्येक नट-बोल्टलाही पंचवीस पावसाळे काढायचे आहेत. खरेदी त्या हिशोबाने करायची. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: बारा बिलं आणि छतावरची सावली

विक्रेत्याला बोलावण्याआधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं काढा. ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेकांची बिलं महावितरणची असतात. मुंब्रा, कळवा, शीळ या पट्ट्यात टोरंट पॉवरची. बाराही महिन्यांची युनिटं मिळवून महिन्याची सरासरी काढा. नुसतं मे महिन्याचं बिल दाखवलंत तर एअर कंडिशनरच्या आकड्यावरून तुम्हाला गरजेपेक्षा मोठी सिस्टीम सुचवली जाईल.

आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज देतं. मार्च ते मे त्याहून जास्त मिळते, जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येते. महिन्याला सरासरी ३०० युनिट लागत असतील तर अडीच ते तीन किलोवॅट पुरेसं होतं. जास्तीची वीज नेट मीटरमधून (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) बाहेर जाते आणि तुमच्या खात्यात जमा होऊन पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते. मात्र आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण विजेला मोजतो त्याच्या जवळपासही नसतो. म्हणून वीज विकून कमाई करण्यासाठी मोठी सिस्टीम घेऊ नये. आणि ‘बिल शून्य’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर लक्षात ठेवा, स्थिर आकार भरावाच लागतो.

मग गच्चीवर जा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. सावली केव्हाची बघायची, हे महत्त्वाचं. ठाणे १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे पाच फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे जवळजवळ पाच फूट पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती याहून बरीच लांब असते. विक्रेता मे महिन्यात येऊन ‘सावलीच नाही’ म्हणाला तर तो त्या दिवसापुरतं खरं बोलतोय. टाकी, जिन्याची खोली, डिश, शेजारचा नारळ, या सगळ्यांची हिवाळ्यातली सावली त्याच्याकडून कागदावर काढून घ्या. पॅनेल एका ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर रोज सावली पडत असेल तर पूर्ण ओळीचं उत्पादन खाली येऊ शकतं.

घोडबंदर रोडला कासारवडवली, ओवळे भागात बंगला किंवा गावठाणातलं घर असेल तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटचीही चौकशी करा. दक्षिणेला उद्या वीस मजली टॉवर उभा राहिला तर चांगल्यातल्या चांगल्या पॅनेलचाही उपयोग राहणार नाही.

छत स्वतःचं नसेल तर? ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या सिडकोच्या रो-हाउसवाल्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. इमारतीत राहणाऱ्यांनी मात्र आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. माझ्या मते टॉवरमध्ये एकेका सदस्याने गच्चीचा तुकडा मागण्यापेक्षा सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी मिळून सोलर घ्यावं. सामाईक वापरासाठी सोसायट्यांना केंद्राच्या योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. घरासाठीचं अनुदान सोडलं तर पुढे जे लिहितो ते सोसायटीलाही जसंच्या तसं लागू पडतं.

दुसरी पायरी: एका ओळीचं कोटेशन परत पाठवा

‘३ किलोवॅट सोलर सिस्टीम, बसवून, नेट मीटरसह, एकूण रक्कम’ असं कोटेशन आलं तर ते स्वीकारू नका. प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल नंबर, संख्या आणि हमीची वर्षं वेगवेगळी लिहून मागा. पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चरचं लोखंड कुठल्या प्रकारचं आणि किती मायक्रॉन गॅल्वनाइझ केलेलं (म्हणजे जस्ताचा थर किती जाड), नट-बोल्ट कुठले, डीसी वायर कुठली आणि किती मीटर, कनेक्टर (वायरींचे जोड) कोणाचे, एसीडीबी-डीसीडीबीत (एसी आणि डीसी बाजूच्या स्विच-फ्यूजच्या पेट्या) काय काय असेल, अर्थिंगचे खड्डे किती, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारी सळई) आहे का, हे सगळं त्यात हवं. ‘स्टँडर्ड मेक’ किंवा ‘नामांकित कंपनी’ हे शब्द दिसले की तिथे बोट ठेवा आणि नाव लिहून घ्या.

हे मागितल्यावर काहीजण पुन्हा फोनच करत नाहीत. मी याला चाळणी म्हणतो. ज्याला आपण काय बसवणार आहोत हे माहीत आहे तो दुसऱ्या दिवशी यादी पाठवतो.

आता पैशांचा हिशोब मांडू. ३ किलोवॅटची चांगली सिस्टीम वर्षाला ४,००० युनिटांच्या आसपास वीज देते. खराब जोड, चुकीचा कोन किंवा सावली यामुळे १५ टक्के घट झाली तर वर्षाला ६०० युनिट गेली. युनिटला १० रुपये धरले तर ६,००० रुपये. म्हणजे कोटेशनमध्ये १८ हजार वाचवल्याचा आनंद तीन वर्षांत संपतो, आणि पुढची बावीस वर्षं तोटा चालू राहतो. गंजलेलं स्ट्रक्चर बदलायची वेळ आली तर सगळे पॅनेल उतरवून परत चढवावे लागतात. तो खर्च आम्ही केला आहे, कोणावरही येऊ नये.

अनुदानाचंही इथेच बघून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर: मोफत बिजली योजने’त घरासाठी पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. ही रक्कम सिस्टीम लागून, तपासणी होऊन, नेट मीटर बसल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येते. नाव ‘मोफत बिजली’ असलं तरी सिस्टीम मोफत नसते, हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा. या योजनेसाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनवलेल्या सेलपासून (पॅनेलमधले वीज बनवणारे चौकोन) भारतातच जोडलेले, असावे लागतात. ते थोडे महाग असतात. कोटेशनमध्ये डीसीआरचा भाव लावून दुसरेच पॅनेल आणले गेले तर अनुदान अडकेल. म्हणून ‘डीसीआर’ हा शब्द आणि त्याचं प्रमाणपत्र दोन्ही लेखी घ्या.

तिसरी पायरी: पॅनेल

सगळ्यात जास्त चर्चा पॅनेलचीच होते, पण सरकारी यादीमुळे इथे फसण्याची शक्यता आता तुलनेने कमी आहे. मॉडेल एएलएमएम, म्हणजे सरकारमान्य पॅनेलच्या, यादीत आहे का ते बघा. आयईसी ६१२१५ आणि ६१७३० ही दर्जाची आणि सुरक्षिततेची मूळ प्रमाणपत्रं असतातच. त्याखेरीज आपल्या भागासाठी मी आणखी एक मागतो, आयईसी ६१७०१. ही खाऱ्या हवेतल्या गंजाची चाचणी आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा ठाण्यात कोलशेत, बाळकुमच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी ही सोडू नये.

सेलच्या दोन प्रकारांपैकी मोनो पर्क घ्यावं की टॉपकॉन? पॅनेलवर लिहिलेले वॅट सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर सेल सहज ६० अंशांवर जातो. मोनो पर्कमध्ये दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर १२ टक्के वीज तिथेच कमी होते. टॉपकॉनमध्ये ही घट ०.३० टक्क्यांच्या आसपास असते. भावात फार फरक नसेल तर टॉपकॉन घ्यावं. फरक मोठा असेल तर मोनो पर्क घेऊन उरलेले पैसे स्ट्रक्चरवर घाला.

हमी दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पंचवीस वर्षांची हमी उत्पादनाची, म्हणजे तेव्हाही ठरावीक टक्के वीज मिळेल याची. पॅनेलची काच, चौकट, मागचा जंक्शन बॉक्स यांत दोष निघाला तर वस्तू बदलून देण्याची हमी वेगळी, सहसा दहा-बारा वर्षांची. दोन्ही आकडे विचारा.

चौथी पायरी: इन्व्हर्टर

इन्व्हर्टर सगळ्यात आधी बिघडतो, हे गृहीत धरूनच निवडावा. हमी पाच वर्षांची आहे की दहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुंबई-ठाणे परिसरात त्या कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर आहे का, ते विचारा. बिघडलेला इन्व्हर्टर दुसऱ्या राज्यात पाठवून महिनाभर वाट पाहायची, तीही मार्च-एप्रिलमध्ये, हे परवडणारं नाही.

बाहेर लावायचा असेल तर आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, हवा. तसा असला तरी पश्चिमेच्या भिंतीवर थेट उन्हात लावू देऊ नका. तापला की तो स्वतःच उत्पादन कमी करतो. जिन्याखाली, वारा खेळता असेल आणि पावसाची झड येणार नाही अशी जागा उत्तम. पॅनेल दोन वेगळ्या दिशांना बसणार असतील तर दोन एमपीपीटी (प्रत्येक ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारी सोय) असलेला घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी, कारण अनेकांचा यावरून नंतर विरस होतो. बॅटरी नसलेलं साधं ऑन-ग्रिड सोलर बाहेरची लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या गच्चीवरून वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. आपल्याकडे वीज तशी फार वेळ जात नाही, त्यामुळे घरात ऑक्सिजन मशिनवर कोणी असेल किंवा तशीच निकड असेल तरच मी बॅटरी सुचवतो.

पाचवी पायरी: स्ट्रक्चर

इथे वेळ घालवा. भाव कमी करायचा झाला की पहिली कात्री इथेच चालते, आणि पावसाचा पहिला मारही इथेच बसतो.

बाजारात तीन प्रकारचं लोखंड तुम्हाला ‘जीआय’ (जस्त चढवलेलं लोखंड) म्हणून दाखवलं जाईल. पहिलं साधं एमएस, म्हणजे नुसतं लोखंड, वरून चंदेरी रंग मारलेलं. ते दोन पावसाळ्यांत रंगाखालून फुगतं. दुसरे जीपी पाईप. हे दिसायला चकचकीत, पण जस्ताचा थर पातळ, आणि कापलेल्या टोकाला तर काहीच नाही. आमच्याकडे हेच होते. तिसरं हॉट-डिप गॅल्वनाइझ केलेलं, म्हणजे कापून, भोकं पाडून झाल्यावर पूर्ण तुकडा वितळलेल्या जस्तात बुडवलेला. ते मंद राखाडी दिसतं, भोकांच्या आतल्या कडाही राखाडी असतात. सरकारी निकषांत जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन सांगितलेला आहे. मायक्रॉन मोजायचं हातात मावणारं यंत्र चांगल्या कंत्राटदाराकडे असतं. माल आल्यावर तुमच्यासमोर चार ठिकाणी लावून दाखवायला सांगा.

हॉट-डिप स्ट्रक्चर गच्चीवर बोल्टनेच जोडायचं. वेल्डिंग मशिन वर आलं की समजा, जिथे ठिणगी पडेल तिथलं जस्त जळणार आणि गंज तिथूनच सुरू होणार. एखादा तुकडा कापावाच लागला तर टोकाला झिंकचा रंग त्याच दिवशी लावून घ्या. नट-बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे, खाडीकाठी एसएस ३१६ चे. खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा. एसएसचा बोल्ट चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, साधा लोखंडी बोल्ट टक्कन चिकटतो. कोपरखैरण्याच्या मावशींकडे आम्ही याच चुंबकाने एका डब्यातले अर्धे बोल्ट बाजूला काढले होते. कंत्राटदाराने मुकाट्याने बदलून दिले, त्याला दुकानदाराने मिसळून दिले होते.

आता वारा. भारतीय मानकाच्या नकाशात आपल्या पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास धरलेला आहे. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, आणि मे २०२४ मधलं ते धुळीचं वादळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद असतो. असे सहा पॅनेल म्हणजे वाऱ्यासाठी मोठं शीडच. खालची जागा वापरता यावी म्हणून हल्ली आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर करतात. तसं करायचं असेल तर वाऱ्याच्या भाराचं गणित इंजिनिअरच्या सहीने घ्या. फार गरज नसेल तर उंची कमी ठेवणंच शहाणपणाचं.

पाय स्लॅबला कसे धरणार, हा पुढचा प्रश्न. सिडकोची बरीच घरं तीस वर्षांपुढची आहेत, गच्च्यांवर दोन-दोनदा वॉटरप्रूफिंग झालेलं आहे. त्यात ड्रिलने सोळा भोकं पाडली तर पहिल्याच जूनमध्ये छत गळेल. शक्यतो स्लॅब न फोडता काँक्रीटचे ठोकळे ओतून, किंवा खालचा कॉलम-बीम शोधून त्यावरच पाय घ्यावेत. भोक पाडणं टळतच नसेल तर केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) वापरून, त्यावर वॉटरप्रूफिंग करून, एक दिवस पाणी साठवून बघा. ठोकळ्यांचं वजनही कमी नसतं, जुन्या स्लॅबसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घेतलेलं बरं.

पावसाळी पत्र्याच्या शेडवर बसवत असाल तर पॅनेलचा आधार पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना हवा, नुसत्या पत्र्याला नको. पत्रा जुना असेल तर आधी बदला. पॅनेल बसल्यावर खालचा पत्रा बदलणं म्हणजे सगळं उतरवणं.

कोन १५ ते २० अंश, तोंड दक्षिणेला. दोन ओळींमध्ये माणूस चालेल एवढी वाट आणि गच्चीवर पाण्याचा नळ, हे दोन्ही नकाशात दाखवून घ्या. पॅनेलवर पाय देऊन कोणी साफसफाई करायला लागला तर आतल्या सेलला न दिसणाऱ्या भेगा जातात.

सहावी पायरी: वायर, जोड आणि अर्थिंग

सहा पॅनेल एका ओळीत जोडले की डीसीचा दाब ३०० व्होल्टच्या घरात जातो. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, सैल जोडात ती पेटती राहते. सोलरमुळे लागणाऱ्या आगींचं एक मोठं कारण हेच आहे. म्हणून हा भाग किरकोळ समजू नका.

डीसी वायर सोलरसाठीच बनवलेली, कलई केलेल्या तांब्याची, उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची हवी. घरात वापरतो ती वायर गच्चीवर चालणार नाही. वायरवर छापलेलं मानक वाचा, आयएस १७२९३ किंवा ईएन ५०६१८. वायर पूर्णपणे पाइपात किंवा ट्रेमध्ये, स्लॅबपासून उंच. पॅनेलखाली लोंबणारी एकही वायर नको. बांधायच्या पट्ट्या काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या किंवा स्टीलच्या.

एमसी ४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. दिसायला सगळे सारखे आणि एकमेकांत बसतातही, पण आतल्या पिनेची जाडी किंचित वेगळी असते. तेवढ्या फटीतून पाणी शिरतं आणि तेवढ्याच सैलपणामुळे जोड तापतो. पिन दाबायला कारागिराकडे क्रिंपिंगची खास पक्कड असते. साध्या पक्कडीने दाबताना दिसला तर तिथेच थांबवा.

डीसीडीबीत आणि एसीडीबीत सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक उसळीपासून बचाव), म्हणजे एसपीडी, असायलाच हवं. जूनच्या सुरुवातीला येऊरच्या डोंगरावरून विजा कडाडत येतात तेव्हा इन्व्हर्टरचा बोर्ड त्याच्यामुळे वाचतो. अर्थिंगचे खड्डे तीन: पॅनेल आणि स्ट्रक्चरचा एक, इन्व्हर्टर व एसी बाजूचा दुसरा, लाइटनिंग अरेस्टरचा तिसरा. दोनच करून पैसे वाचवतो असं म्हणणाऱ्याला नकार द्या. खड्डे झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून, प्रत्येकाचं रीडिंग कागदावर सहीनिशी घ्या. ते ५ ओहमच्या आत असावं. हे उन्हाळ्यात मोजलेलं बरं, पावसात माती ओली असल्यामुळे आकडा आपसूक चांगला येतो.

सातवी पायरी: बसवणारा माणूस

सूर्यघर पोर्टलवर नोंद असलेलाच विक्रेता घ्या. पण त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या दोन घरांचे पत्तेही मागा. गेल्या महिन्यातलं काम बघू नका, ते सगळ्यांचंच चमकतं. जुन्या गच्चीवर जाऊन पायांच्या बुडाशी बघा, भिंतीवर तपकिरी ओघळ आहेत का ते बघा, आणि घरच्या बाईंना विचारा, ‘‘वहिनी, बिघडलं की माणूस किती दिवसांत येतो?’’ याचं उत्तर सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा खरं असतं.

योजनेनुसार विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते. करारात तेवढ्यावर थांबू नका. वर्षातून किती भेटी, तक्रारीनंतर किती दिवसांत, आणि पावसाळ्याआधीची तपासणी, हे तिन्ही लिहून घ्या.

आठवी पायरी: काम चालू असताना

त्या दिवशी घरातलं कोणीतरी सुट्टी घेऊन वर उभं राहावं. पॅनेल उतरताना प्रत्येकाच्या मागच्या पट्टीचा, मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल असा फोटो घ्या. बसल्यावर तो परत दिसत नाही. इन्व्हर्टरचाही घ्या. नंतर हे नंबर बिलाशी आणि हमीपत्राशी जुळवा, हमीपत्र तुमच्याच नावावर हवं.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला थोडे, माल गच्चीवर आल्यावर आणि तुम्ही कोटेशनशी पडताळल्यावर मोठा हप्ता, आणि शेवटचे दहा टक्के तरी नेट मीटर लागून इन्व्हर्टर सुरू झाल्यावरच. एकदा पूर्ण रक्कम हातात पडली की लटकलेली वायर बांधायला येणं फार लांबतं. हमीपत्रं, जोडणीचा नकाशा, अर्थिंगचं रीडिंग, नेट मीटरचा करार आणि देखभालीचा करार एका फाइलमध्ये ठेवा.

एक छोटी गोष्ट, पण ठाण्यात आणि नवी मुंबईत तितकीच मोठी: कबुतरं. पॅनेलखाली त्यांना आयती सावली मिळते. घरटी होतात, काड्यांत वायरी अडकतात, आणि वरच्या विष्ठेचा डाग जिथे सुकतो तिथला सेल, सावलीत आलेल्या सेलसारखाच, वीज द्यायच्या ऐवजी तापतो. चारही बाजूंनी जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या. अंडी घातल्यावर काही करता येत नाही, आणि करूही नये.

पहिला पावसाळा

नेट मीटरवर फक्त आलेली आणि गेलेली वीज दिसते. दिवसा घरात वापरली गेलेली त्यात येत नाही, त्यामुळे एकूण उत्पादन इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर बघावं. दर महिन्याच्या एक तारखेला तो आकडा वहीत लिहा. दुसऱ्या वर्षीचा मार्च पहिल्या मार्चपेक्षा फारच खाली असेल तर काहीतरी बिघडलंय, आणि तक्रार करताना हातात आकडा असतो.

ऑक्टोबर ते मे दरम्यान पंधरा दिवसांनी पॅनेल धुवा. तुर्भे, तळोजा किंवा जिथे बांधकामं चालू आहेत अशा भागात आठवड्याला. सकाळी लवकर, काच गार असताना, नळाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग बसतात आणि ते निघता निघत नाहीत.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मात्र छत्री घेऊन वर जाच. कशालाही हात न लावता, नुसतं वाकून बघायचं. वायरी पाण्याला टेकल्यात का, पाइपाच्या तोंडातून पाणी डीबीत उतरतंय का, पायांच्या बुडाशी पाणी साचतंय का, खालच्या खोलीत छताला ओल आली का. मग खाली येऊन इन्व्हर्टरचा दिवा बघा. पावसाळी सकाळी लाल आणि ऊन पडल्यावर हिरवा होत असेल, तर कुठेतरी जोडात पाणी आहे. ‘पावसात असं होतंच’ हे उत्तर घेऊ नका. स्क्रीनवरच्या एररचा फोटो काढा, विक्रेत्याला लेखी तक्रार करा, आणि तो येईपर्यंत त्या वायरीजवळ घरातल्या कोणालाही जाऊ देऊ नका.